लाल सिग्नलला थांबणारी पांढरी व्हॅन

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी कोणीतरी विचारणारच. लायसन्स नाही, स्कूटी नाही, सायकल आठवीत सुटली ती सुटलीच. आणि तरी सहा वर्षं माझी नोकरी काय होती? गाड्यांवर नजर ठेवायची! दोनशेच्या स्पीडने पळणाऱ्या, भिंतीवर आपटणाऱ्या, पुलावरून समुद्रात उड्या मारणाऱ्या गाड्या. दिवसाला आठ तास, रविवार सोडून.

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाचं सगळं बघतात त्या सावंत मावशी मला म्हणाल्या, "दरवर्षी आपण रिटायर झालेल्यांचे नोकरीतले अनुभव छापतो ना, यंदा तू लिही."

"मावशी, मी अठ्ठावीसची आहे."

"मग काय झालं? घरी बसलीयस ना आता?"

विक्रोळीत लोक असंच बोलतात. तर लिहिते.

आधी काम समजून घ्या, मग मजा येईल. एक व्हिडिओ गेम आहे. नाव सांगत नाही, कागदावर सही केलीय. त्यात एक अख्खं शहर आहे. समुद्र, घाट, बोगदे, मच्छी बाजार, दीपस्तंभ, सगळं खोटं, पण सगळीकडे फिरता येतं. तुम्ही घरी टीव्हीसमोर बसून त्या शहरात गाडी चालवायची. रेस लावायची तर रस्त्यात भेटेल त्याच्याशी लावा, नसेल लावायची तर जा कुठेही. एकाच वेळी हजारो लोक तिथे असतात, आपापल्या घरून. कोणी मुलुंडचा, कोणी ब्राझीलचा. शिवाय शहर खरं वाटावं म्हणून गेमनेच सोडलेल्या गाड्या फिरत असतात. त्यांच्या आत कोणीच नसतं. त्या आपल्या चाळीसच्या स्पीडने लेन धरून जातात, लाल सिग्नलला थांबतात, हिरवा झाला की निघतात. त्यांना आम्ही 'रिकाम्या' म्हणायचो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळणारे एकमेकांच्या तक्रारी करतात. ह्याने मुद्दाम ठोकलं, तो शिव्या देतो, त्याची गाडी भिंतीतून आरपार जाते. त्या तक्रारी मरोळच्या एका ऑफिसात येऊन पडायच्या आणि आम्ही तीस-चाळीस जण त्या निपटायचो. कशा? आमच्याकडे एक बटण होतं. ते दाबलं की मी थेट त्या माणसाच्या गाडीत. मागच्या सीटवर! त्याला दिसायचं नाही, कळायचं नाही. तो बघतोय ते मी बघायचे, त्याचा माईक चालू असला तर ऐकायचेसुद्धा. मग ठरवायचं. सोडून द्या, तंबी द्या, आठवडाभर बाहेर काढा, नाहीतर कायमचं काढा.

आणि एक नियम, एकदम कडक. खेळणाऱ्याशी बोलायचं नाही. कधीच नाही.

पुढे ऑफिस कमी झालं आणि आम्ही घरूनच काम करायला लागलो. बाबा कामावर, आई कामावर, खोलीत मी आणि दोन स्क्रीन. दिवसभर शंभर-दीडशे लोकांच्या गाडीत जाऊन बसायचं आणि एकाशीही बोलायचं नाही. संध्याकाळी बाबा आले की पहिला आवाज त्यांचा. आमचं मूळ मालवणचं, बाबा घरात अजून तसंच बोलतात. "काय गो, दिसभर लोकांच्या गाडीत बसतंस, एक तरी चालवूक येता काय तुका?"

नाही ना बाबा. तेच तर सांगतेय.

लोक विचारतात, एवढं काय असतं त्या गेममध्ये? पहिल्या दिवशी मी पण ग्लेनला हेच विचारलं होतं. ग्लेन म्हणजे आमचा टीम लीड, मरोळ गावठाणातला. त्याच्या आजीच्या घराच्या ओट्यावर बसून आम्ही डबे खायचो, इतकं ते ऑफिसला चिकटून होतं.

"पहिला आठवडा रेस," ग्लेन म्हणाला. "मग बघ तू."

आणि खरंच यार! नवीन माणूस येतो, आठवडाभर जीव खाऊन रेस लावतो, गाड्यांची वाट लावतो. मग एक दिवस रेस संपते आणि तो नुसताच पुढे जात राहतो. घाट चढतो, दीपस्तंभापर्यंत जातो, परत येतो. जो माणूस सकाळी घाटकोपर-अंधेरी लिंक रोडवर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ शकत नाही, तो इथे पाचवा टाकतो आणि कुठे चाललोय ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. आपल्याकडे घराबाहेर पडलं की कुठेतरी पोचायचंच असतं ना? इथे पोचायचं नसतं. रस्ता मोकळा, आणि 'कुठे निघालीस?' विचारणारं कोणी नाही. मला वाटतं लोक त्याच्यासाठी येतात. स्पीड वगैरे नंतर.

एकदा तक्रार आली, बारा गाड्यांनी हायवे अडवलाय. मी जाऊन बसले तर बोरिवलीचा एक ग्रुप! त्यांच्या मित्राचं लग्न दुबईत झालं होतं, ह्यांना कोणालाच जाता आलं नव्हतं. मग नवरदेवाला तिकडून गेममध्ये बोलावलं आणि इथे वरात काढली. दोन किलोमीटरला पाऊण तास. हॉर्नवर बँडची चाल. मागून एक रेसवाला बोंबलतोय, "हटो ना यार!" आणि वरातीतला एक त्याला म्हणतोय, "भावा, नवरदेव आहे गाडीत. तू पण नाच की!" आणि तो नाचला! म्हणजे गाडी जागच्या जागी गरगर फिरवली. तक्रार करणारा पण तोच होता. मी तक्रार बंद केली, कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लग्न'.

दुसरा एक मुलुंडचा. तक्रार अशी की हा माणूस गाडी समुद्राकडे तोंड करून लावतो, इंजिन बंद, आणि तासभर हलत नाही. मी गेले. माईक चालू होता. तो बोलत होता इंग्लिशमध्ये, सावकाश. स्वतःचं नाव, शिक्षण, माझे गुण, माझे दोष. परत पहिल्यापासून. इंटरव्ह्यूची तयारी! मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी भांडतंय, टीव्ही. घरात बोलायला जागा नसणार, म्हणून तो खोट्या गाडीत बसून हेडफोन लावून बोलत होता. मी त्याचीही तक्रार बंद केली, पण नंतर मी उगाचच जायला लागले. दोन महिने, रोज दहा मिनिटं. त्याचं इंग्लिश सुधारत होतं. एक वाक्य तो रोज चुकवायचा आणि मी इकडे खोलीत मोठ्याने बरोबर करून सांगायचे. मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. कधीच नाही. नोकरी लागली की नेट बंद झालं की काय झालं, मला आजपर्यंत माहीत नाही. विचारणार कोणाला?

त्यानंतर मी आवाज बंद करून टाकला. सगळ्यांचाच. ग्लेनला सांगितलं, शिव्या ऐकून डोकं उठतं. शिव्या होत्याच, खोटं नाही. पण कारण तो मुलुंडवाला होता. फक्त बघायचं, ठरवायचं, पुढे जायचं. माझा स्पीड दुप्पट झाला. प्रत्येकाला अचूकतेचे मार्क असायचे, सोडवलेल्या तक्रारींतल्या किती बरोबर त्याचे. त्यात मी पहिली. झकास चाललं होतं.

आता व्हॅन.

एका दुपारी एकाच गाडीवर तीन तक्रारी आल्या. तिन्ही एकच. ही गाडी बॉट आहे. बॉट म्हणजे माणूस खेळतच नाही, त्याच्या जागी एक प्रोग्रॅम गाडी पळवत राहतो आणि फुकटची बक्षिसं गोळा करतो. त्याला एकच शिक्षा, कायमचं बाहेर. मी जाऊन बसले. पांढरी व्हॅन. ही व्हॅन रेस जिंकून मिळत नाही, नुसतं अंतर कापून मिळते, दहा हजार किलोमीटर. कोणाकडेच नसते, कारण कोणाला हवीय व्हॅन? स्पीड चाळीस. लेन सोडत नाही. वळायच्या आधी इंडिकेटर. आणि लाल सिग्नल आला तर थांबली! पूर्ण थांबली, पट्ट्याच्या मागे. त्या शहरात सहा वर्षांत मी लाखो गाड्या बघितल्या असतील, लाल सिग्नलला एक खेळणारा थांबला नव्हता. सिग्नल रिकाम्यांसाठी असतात. मी मागचा रेकॉर्ड काढला. रोज दुपारी तीनला सुरू, चारला बंद. रोज तोच रस्ता. रोज त्याच पाच जागी बाजूला घेऊन पार्किंग लाइट लावून एक मिनिट थांबायचं. महिनोन्‌महिने! कुठला माणूस असं करेल?

चार मिनिटं लागली मला. बॉट. कायमचं बाहेर. पुढची तक्रार.

सिग्नलला थांबते म्हणजे माणूस नाही. बघा ना, आमच्या कामात डोकं कसं होतं. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर हसेल, पण आमच्यात कोणीही हेच केलं असतं.

तेवीस दिवसांनी ग्लेनचा फोन आला. "एक अपील आलंय. सकाळपासून चार देशांत फिरून आलंय, कोणाला वाचता येईना. मराठी आहे. मी वाचलं. केस तुझी आहे."

"कुठली?"

"तू वाच, मग बोलू."

ते मला जवळजवळ पाठ आहे. 'नमस्कार. माझं खातं तुम्ही बंद केलं आहे. तुम्ही लिहिलं आहे की आमची गाडी मशीन चालवते. मी मशीन नाही. मी घाटकोपरला राहते. माझं नाव मंदाकिनी, वय एकसष्ट. गाडी मी चालवते आणि हे सांगतात. ह्यांची तीस वर्षं शाळेची व्हॅन होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. भाच्याने त्याचा जुना गेम आणि स्टिअरिंग आमच्याकडे ठेवलं होतं. एकदा मी सहज लावलं आणि उलटी गाडी चालवायला लागले तर हे म्हणाले, गिअर. पाच महिन्यांत पहिला शब्द. तेव्हापासून आम्ही रोज तीन ते चार चालवतो. शाळा सुटायच्या ती वेळ. एरवी हे बोलत नाहीत. गाडीत बोलतात. तेवीस दिवस झाले, हे तीन वाजता टीव्हीसमोर येऊन बसतात. टीव्ही बंद असतो. मी काय चूक केली ते कळवावे. सिग्नल तोडायला हवा होता का?'

मी हे वाचून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पाणी प्यायले. परत येऊन परत वाचलं. 'सिग्नल तोडायला हवा होता का?' अरे देवा.

मी आवाज चालू ठेवला असता ना, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं! अर्ध्या मिनिटात. दोन माणसं बोलतायत गाडीत.

ग्लेनला फोन लावला. "खातं परत मिळेल ना?"

"तीस दिवस खात्यातला माल ठेवतात. मग पुसून टाकतात. आज तेविसावा."

"मग टाक ना परत!"

"मी नाही टाकू शकत. ज्याने काढलं त्याने लिहून द्यायचं, माझी चूक. कायमचं काढलेलं परत घेतलं तर मार्क किती जातात माहितीय ना?"

"किती?"

"पहिल्या नंबरवरून तू खालून मोजावं लागेल अशी जाशील. अगं, दुसरा रस्ता आहे. त्यांना नवीन खातं उघडून देऊ. फ्री आहे. कोणाला कळणार नाही."

"आणि व्हॅन?"

"व्हॅन नाही येणार."

दहा हजार किलोमीटर, चाळीसच्या स्पीडने, रोज एक तास. मी हिशोब केला, वर्षाच्या जवळपास होतं. आधी ते कुठलीतरी साधी गाडी चालवत असणार. कुठेतरी यादीत काकूंनी बघितलं असेल की पांढरी व्हॅन मिळते, आणि मग रोज तीन ते चार, एक दिवस न चुकवता. दोघांच्या व्हॅनसाठी.

मी लिहून दिलं. चूक माझी. हे लिहायला मला चार मिनिटं पण नाही लागली.

दोन दिवसांनी खातं चालू झालं. कंपनीकडून एक छापील इंग्लिश मेल त्यांना गेला असेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व टाइप. मला त्यात एक ओळ मराठीत घालायची होती, परवानगी नव्हती. आणि मग तीन वाजता मी बटण दाबलं. मागची सीट. ह्यावेळी आवाज चालू.

आधी नुसता पंख्याचा आवाज. मग बाईंचा, जरा घाईतला. "बसलात? चष्मा लावा. हं, निघू?"

मग खूप वेळाने एक जाड, ओला आवाज. "आरसा."

"बघितला आरसा. कोणी नाही मागे."

मी होते मागे. असो.

"पहिला," ते म्हणाले.

"टाकला."

"दुसरा. दुसरा!"

"अहो टाकते, ओरडता कशाला? पोरं बसायचीत अजून."

तेव्हा मला त्या पाच जागा कळल्या. काका घाटकोपरच्या ज्या पाच शाळांतून पोरं घ्यायचे, त्या. दीपस्तंभाजवळ गाडी बाजूला घेतली, पार्किंग लाइट लावले आणि काकू म्हणाल्या, "पंतनगर. बसली सगळी?" काका मोजत होते. एक. दोन. तीन. मध्ये अडखळले, परत एकपासून. काकू थांबल्या. सहापर्यंत आले. "बसली," ते म्हणाले. मग मच्छी बाजार, तिथे असल्फा. बोगद्याच्या तोंडाशी अजून एक जागा. प्रत्येक ठिकाणी पोरं मोजायची. आणि सिग्नल आला की काका आधीच, "लाल. लाल." एक रेसवाला बाजूने सुसाट गेला, सिग्नल तोडून. काकांनी एक शिवी दिली. स्पष्ट! अख्खी! काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, "अहो पोरं आहेत ना गाडीत!" मी पण हसले, एकटी, खोलीत, आणि मग काय झालं माहीत नाही, मला ते पुढचा सिग्नल येईपर्यंत थांबवता आलं नाही.

त्यांच्या घरापासून माझं घर म्हणजे एकच स्टेशन. रिक्षाने गेले असते तर वीस मिनिटं. पत्ता माझ्यासमोर स्क्रीनवर होता. गेले नाही. नियम होता, ते आहेच, पण खरं सांगू? जाऊन म्हणणार काय? काकू, ते तेवीस दिवस मीच?

त्यानंतर चहाच्या सुट्टीत मी रोज पंधरा मिनिटं मागच्या सीटवर असायचे. त्या वर्षात काकांचे शब्द वाढले. 'क्लच' आला. 'सावकाश' आला. एकदा 'मंदा' आला आणि काकूंनी गाडी सरळ खांबावर घातली.

मग आमचं काम मशीनकडे गेलं. गंमत बघा, माणूस की मशीन हे ठरवायचं काम मशीनकडे! चाळीसातले चार जण ठेवायचे होते, वादाच्या केसेस बघायला. मार्कांप्रमाणे ठेवले. मी कुठे असणार, ग्लेनने आधीच सांगितलं होतं. ग्लेन राहिला. शेवटच्या दिवशी त्याचा आवाज जरा विचित्र होता. "तेव्हा ऐकायला हवं होतंस माझं."

"सोड ना रे."

"काही करायचं राहिलंय का? सहापर्यंत तुझं लॉगिन चालू आहे."

राहिलं होतं. प्रत्येक खात्यावर आमच्यासाठी शेऱ्याची एक जागा असते. तिथे आमच्यापैकी कोणी तपासून शेरा लिहिला असेल तर मशीनला ते खातं स्वतःहून काढता येत नाही, माणसाकडे पाठवावं लागतं. मी पांढऱ्या व्हॅनच्या खात्यावर लिहिलं, 'हाताने तपासलं. माणूस आहे. दोन आहेत.' माझं सहा वर्षांतलं शेवटचं काम.

आणि मग घरी बसले. सावंत मावशींचं बरोबर आहे.

आठवडाभर ठीक गेलं. मग एका दुपारी तीन वाजले आणि माझा हात आपोआप त्या बटणाकडे गेला, जे आता नव्हतं. मागची सीट बंद झाली होती. आता त्यांना बघायचं तर एकच मार्ग होता, साध्या लोकांसारखं आत जायचं आणि स्वतः गाडी चालवायची. मला! मी स्वतःच्या नावाने फुकटचं खातं उघडलं, एक छोटी निळी गाडी मिळाली आणि पहिल्या दहा मिनिटांत चार दुकानं फोडली. सहा वर्षं दुसऱ्यांचं बघून काही येत नाही हो. चौथ्या दिवशी कशीबशी दीपस्तंभापर्यंत पोचले. तीन वाजून दहा मिनिटं. पांढरी व्हॅन बाजूला उभी, पार्किंग लाइट लुकलुकतायत.

मी मागे थांबले. ती निघाली, मी निघाले. लाल सिग्नल. तिने ब्रेक मारला, मी मारला, उशिरा, थोडीशी घासलेच मागून.

आता गेममध्ये जवळच्या गाडीतले लोक एकमेकांचा आवाज ऐकू शकतात. मला काका ऐकू आले. "मागे. मागे."

"काही नाही हो, लागलं जरासं. रिकामी गाडी असेल, कॉम्प्युटरची." काकूंनाही फरक माहीत होता म्हणजे.

रोज जायला लागले. त्या बाजूला घ्यायच्या, मी बाजूला घ्यायचे. काका पोरं मोजायचे, मी पण मोजायचे. कधी कधी लाल सिग्नलला आमच्या दोनच गाड्या उभ्या असायच्या आणि डावी-उजवीकडून सगळं शहर सुसाट जात असायचं. एकदा काकू सिग्नलला मोठ्याने म्हणाल्या, "अहो निळी गाडी, कोण आहे? पुढे जायचं तर जा ना, आम्ही हळू जातो." माझा माईक बंद होता. बटणावर बोट होतं. आता नियमही नव्हता, नोकरीच नव्हती. सिग्नल हिरवा झाला आणि मी बोट काढलं.

"बघा," काकू काकांना म्हणाल्या, "कॉम्प्युटरचीच आहे."

दोन महिन्यांनी एका सकाळी माझं खातं उघडेना. पाटी आली. गाडी माणूस चालवत नसल्याचं आढळलं आहे. कायमचं बंद. रोज तीनला सुरू, चारला बंद, तोच रस्ता, त्याच पाच जागा, सिग्नल पाळते. मी असते तर मीसुद्धा काढलंच असतं! तक्रार बरोबर, पुरावा बरोबर, सगळं बरोबर. फक्त माझ्या खात्यावर शेरा लिहायला कोणी नव्हतं.

अपिलाचा फॉर्म मी सहा वर्षं दुसऱ्या बाजूने बघितला होता. भरायला बसले तर काय लिहायचं सुचेना. कसं सिद्ध करतात? शेवटी लिहिलं, 'मी मशीन नाही. मी विक्रोळीला राहते.' पाठवलं. तीन सेकंदांत उत्तर आलं, अपील नामंजूर. तीन सेकंदांत वाचायला पण होत नाही ते.

त्या दिवसापासून तीन वाजता मी काय करायचे सांगू? टीव्ही नाही, लॅपटॉप, पण बंदच. त्याच्यासमोर बसायचे. तेवीस दिवस म्हणजे किती, ते मला नवव्या दिवशी कळलं.

दहाव्या दिवशी ग्लेनचा फोन. "निळी गाडी तुझी होती?"

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"बोल ना गं! घाटकोपरहून अपील आलंय. दुसऱ्याच्या खात्यासाठी. असं कोणी करत नाही, मशीनला कळेना काय करायचं, म्हणून माझ्याकडे आलं."

"काय लिहिलंय?"

"थांब, वाचतो." ग्लेन मराठी फाडफाड बोलतो, पण वाचताना सावकाश, एकेक शब्द जुळवत वाचतो. मला घाई झाली होती आणि तो आपला अडखळतोय.

"'नमस्कार. आमच्या मागे रोज एक निळी गाडी असायची. आठ-दहा दिवस दिसत नाही. आम्हाला तुम्ही एकदा चुकून काढलं होतं, तसंच तिला काढलं असेल असं वाटतं. मी आधी तिला कॉम्प्युटरची समजत होते. पण हे पहिल्यापासून नाही म्हणतात. ह्यांनी तीस वर्षं गाडी चालवली आहे, ह्यांना कळतं. तिला परत घ्यावं. हे आता आरशात बघतात आणि मागे कोणी नाही म्हणून गाडी काढू देत नाहीत. काल मी विचारलं, अहो कशावरून म्हणता, तर ह्यांनी अख्खं वाक्य सांगितलं. ते तसंच लिहिते.'"

"काय सांगितलं, ग्लेन?"

"'ब्रेक उशिरा मारतो. नवशिका आहे. माणूस आहे.'"